शेजारधर्माचे कलम

संपादकांनी माझ्याकडे वर्षातल्या एखाद्या कादंबरीचे परीक्षण मागितले होते. मी त्यांना कळवले की, यंदा ज्या लेखनाने माझी झोप उडवली ते दोन देशांमधले करारपत्र आहे. चालत असेल तर त्यावर लिहितो. त्यांनी होकार दिला. तेव्हा चकली-अनारशांच्या ताटात हे कारले वाढल्याचा दोष निम्मा त्यांचा.

याची सुरुवात शाळेत झाली. नागरिकशास्त्राच्या तासाला मी फळ्यावर राज्याची चार अंगे लिहिली : लोकसंख्या, भूप्रदेश, शासनसंस्था, सार्वभौमत्व. वीस वर्षे मी ती याच क्रमाने लिहीत आलो आहे. मागच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, "गुरुजी, भूप्रदेश बुडाला तर?" मी म्हटले, "पुढच्या तासाला सांगतो." मास्तरांच्या भात्यातला हा हुकमी बाण. पण या वेळी तो मलाच लागला.

पॅसिफिक महासागरात तुवालू नावाचा देश आहे. नऊ बेटे, सुमारे अकरा हजार माणसे, आणि सबंध देशात समुद्रसपाटीपासून पाच मीटर उंचीची जागा नाही. पृथ्वी तापते आहे, समुद्र चढतो आहे. २०२१ साली या देशाचे मंत्री सायमन कोफे यांनी कोट-टाय घालून, गुडघाभर समुद्रात उभे राहून जगातल्या राष्ट्रांपुढे भाषण केले. ते चित्र पुष्कळांनी पाहिले असेल. त्यानंतरचे करारपत्र मात्र फार थोड्यांनी वाचले. नोव्हेंबर २०२३ मध्ये ऑस्ट्रेलिया आणि तुवालू यांच्या पंतप्रधानांनी त्यावर सह्या केल्या आणि २८ ऑगस्ट २०२४ पासून ते अमलात आले. नाव आहे 'फालेपिली'. हा तुवालूच्या भाषेतला शब्द. त्याच्या अर्थासाठी आपल्याला शब्दकोश उघडायला नको; आपल्याकडे त्याला शेजारधर्म म्हणतात.

मी मॅट्रिकपलीकडे शिकलेला नाही. कायद्याची भाषा मला परकी. मी कादंबरीकार म्हणून वाचले, आणि पहिल्याच पानांवर थबकलो. समुद्राची पातळी वाढली तरी तुवालूचे राज्यपण आणि सार्वभौमत्व चालूच राहील, असे त्यात स्वच्छ लिहिले आहे. जमीन जाईल, देश राहील! हे वाक्य भाबडे नाही. तुवालूच्या हक्काचा समुद्र सात लाख चौरस किलोमीटरांहून मोठा आहे आणि तिथे मासेमारीचे परवाने देऊन येणारा पैसा हे या देशाचे एक मोठे उत्पन्न. देशच संपला, तर तो समुद्र कोणाचा? पुढे २३ जुलै २०२५ ला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयानेही मत दिले, की राज्याचे एखादे अंग नाहीसे झाले म्हणून राज्यपण संपतेच असे नाही. त्या 'संपतेच'मधल्या 'च'वर व्याकरणाच्या मास्तराने एक तास घ्यावा.

व्याकरणावरूनच सांगतो. 'समुद्राची पातळी वाढते' या वाक्यात पातळी कर्ता आहे. वाढवली कोणी? कोळसा विकणाऱ्या जगातल्या सर्वांत मोठ्या देशांत ऑस्ट्रेलियाची गणना होते. पण करारातला समुद्र आपला आपणच चढतो. लेखक म्हणून हा मला या संहितेतला सर्वांत मोठा दोष वाटतो. कथेत घर जळते आणि काडीचा उल्लेखच नाही.

कराराप्रमाणे दर वर्षी तुवालूच्या २८० जणांना ऑस्ट्रेलियात कायमचे राहता येईल, शिकता येईल, काम करता येईल. वाटेल तेव्हा घरी परतताही येईल. निवड सोडतीने, आपल्याकडे म्हाडाच्या घरांची असते तशी. पहिल्या सोडतीला, २०२५ साली, बायकामुले धरून ८,७५० जणांची नावे आली. त्रैराशिक मांडा : २८०च्या हिशेबाने अकरा हजारांना चाळीस वर्षे लागतील. समुद्र थांबेल काय? तरीही या कलमाला मी वाकून नमस्कार करतो. तहानलेल्याला वाटी मिळाली तर ती घागर नाही म्हणून लाथाडू नये. शिवाय येणाऱ्याला परतीचा दरवाजा उघडा ठेवण्याचे औदार्य पाहुणचार करणाऱ्या कित्येक घरांतही नसते.

आणि मग चौथे कलम येते. संकट आले, साथ आली, कोणी सैन्य घेऊन चालून आले, तर तुवालूने हाक मारताच ऑस्ट्रेलिया मदतीला धावेल. बदल्यात तुवालूने संरक्षण, पोलीस, सरहद्द, बंदरे, दूरसंचार, वीज अशा सुरक्षेच्या बाबींत दुसऱ्या कोणाशी काही ठरवायचे, तर आधी ऑस्ट्रेलियाची संमती घ्यायची. चीनचे नाव कोठे नाही. पण २०२२ साली सॉलोमन बेटांनी चीनशी सुरक्षेचा करार केला, तेव्हापासून ऑस्ट्रेलियाला त्या बाजूची चिंता लागलेली आहे, हे वर्तमानपत्र वाचणाऱ्याला ठाऊक आहे.

म्हणून याला ढोंग म्हणावे काय? माझे काही मित्र म्हणतात. मला ते पटत नाही. हा माणूस मी गावोगाव पाहिला आहे. पुरात घर गेलेल्याला तो ओसरी देतो, पोरांना जेवू घालतो, त्यात त्याचे मन खरेच असते. आणि महिन्याभराने त्या कुटुंबाच्या लग्नकार्यात कोणाला बोलवायचे हे तो ठरवू लागतो. त्याला खलनायक करणारा कादंबरीकार कच्चा. देशांच्या उद्याच्या नात्यांत मला हाच माणूस पुन्हापुन्हा भेटणार असे दिसते : बुडणाऱ्याला हात देणारा, आणि हात देताना त्याच्या कमरेची किल्ली मागणारा. किल्ली न देण्याची सोय बुडणाऱ्याला कितपत असते?

शेवटच्या पानावर आणखी एक मौज आहे. दोघांपैकी कोणीही लेखी सूचना देऊन बारा महिन्यांनी हा करार संपवू शकतो. समुद्राला न जुमानता टिकणारे राज्यपण आणि वर्षभराची नोटीस, दोन्ही एकाच कागदात! आमच्याकडे घरभाडेकरूला सुद्धा याहून शांत झोप लागत असावी.

ती मुलगी पुढच्या तासाची वाट पाहत होती. मी तिला तुवालूची गोष्ट सांगितली. प्रथम सत्राच्या प्रश्नपत्रिकेत 'राज्याची चार अंगे लिहा' हा प्रश्न चार गुणांना आहे. तो मीच काढला, करार वाचण्यापूर्वी. तिने तीनच लिहिली आणि चौथ्याच्या जागी 'तुवालू' लिहिले, तर गुण किती द्यावेत, हे हा लेख टपालात टाकेपर्यंत माझे ठरलेले नाही.