निवळलेले पाणी आणि निर्मळ पाणी

शालेय विज्ञान प्रदर्शनांत एक प्रकल्प वारंवार दिसतो. एका बरणीत गढूळ पाणी, दुसरीत शेवग्याच्या बियांची पूड घालून निवळलेले पाणी, आणि वर फलक : 'शेतातील प्रदूषित पाण्याचे नैसर्गिक शुद्धीकरण'. प्रयोग खरा आहे. तक्रार आहे ती फलकाबद्दल.

प्रथम प्रयोगाचे गुण. शेवग्याच्या बीमधील काही प्रथिनांवर धन विद्युतभार असतो, तर मातीच्या सूक्ष्म कणांवर ऋण. एरवी एकमेकांना दूर लोटणारे हे कण प्रथिनांमुळे एकत्र येतात आणि तळाशी बसतात. कोळंबी-खेकड्यांच्या कवचांपासून बनणारे कायटोसानही हेच काम करते. निवळीच्या बियांनी पाणी स्वच्छ करण्याचा उल्लेख तर सुश्रुतसंहितेत आहे.

परंतु शेतातून वाहत येणाऱ्या पाण्यात केवळ गाळ नसतो. गाळाला चिकटलेले फॉस्फेट असते, आणि पूर्णपणे विरघळलेले नायट्रेट असते. गाळ बसला की चिकटलेले फॉस्फेटही बसते. नायट्रेट मात्र पाण्यातच राहते. पिण्याच्या पाण्यात त्याची भारतीय मानकानुसार मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. त्यापेक्षा बरेच जास्त नायट्रेट असलेल्या पाण्यात कालवलेले दूध सहा महिन्यांच्या आतील बाळाला दिले, तर त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटू शकते. असे पाणी उकळल्याने नायट्रेट जात नाही. पाणी आटल्याने त्याचे प्रमाण उलट वाढते. म्हणून 'शुद्धीकरण' हा शब्द सैलपणे वापरणे धोक्याचे आहे.

'नैसर्गिक' या शब्दाचेही तसेच. शेणखत नैसर्गिक खरे, पण त्यातील नत्राचेही जमिनीतील जिवाणू शेवटी नायट्रेटच करतात.

मग वनस्पतींचा उपयोग नाही का? आहे, पण तो बरणीत नव्हे, रानात. पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी हे कमी पावसाचे गाव. अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील या गावी १९७५ नंतर अण्णा हजारे यांच्या पुढाकाराने समतल चर, नालाबांध, पाझर तलाव, वृक्षलागवड आणि चराईबंदी ही कामे झाली. हेतू पाणी अडवण्याचा होता. पण पाण्याचा वेग मोडला की गाळ शिवारातच राहतो, आणि त्याला चिकटलेले फॉस्फेटही. गवताच्या मुळ्या येथे बियांच्या पुडीपेक्षा मोठे काम करतात.

तरीही मर्यादा लक्षात घ्यावी. जिरणारे पाणी विहीर भरते, तसेच पिकाने न घेतलेले नायट्रेटही विहिरीत नेते. पाणलोटाच्या कामाला म्हणूनच माती परीक्षण, हप्त्यांनी खत आणि बेताचे पाणी यांची जोड हवी. राळेगणने उसासारखी अति पाणी पिणारी पिके टाळली, त्याचे महत्त्व या अंगानेही आहे. अमेरिकेतील आयोवा राज्यात शेतांतून निचरा होणारे पाणी लाकडाच्या तुकड्यांनी भरलेल्या चरांतून सोडतात. तेथे प्राणवायूच्या अभावी जिवाणू नायट्रेट वापरतात आणि त्याचा नायट्रोजन वायू होतो. ही वनस्पतिजन्य पद्धत नायट्रेटवर चालते, पण तिला काही तास लागतात आणि काम जिवाणू करतात.

शिक्षकांनी हा प्रकल्प बंद करू नये, पूर्ण करावा. गढूळ पाण्यात चिमूटभर मीठ घालावे. मीठ न घातलेले तसेच पाणी तुलनेला ठेवावे. दोन्हींत शेवग्याची पूड घालून पाणी निवळू द्यावे, गाळावे आणि सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकावेत. मिठाच्या पाण्यात दाट पांढरा साका येईल. क्लोराइड हा नायट्रेटसारखाच विरघळलेला, एकेरी ऋणभाराचा आयन. तो पाण्यातून गेलेला नाही, हे मुलांना डोळ्यांनी दिसेल. मग फलकावर 'गढूळपणा कमी करणे' एवढेच लिहावे, आणि खाली प्रश्न : या पाण्यात अजून काय उरले आहे?