पुनर्मीलनाचा निकष : ‘इंडस क्रीड’च्या पुनरागमनाचा चिकित्सक विचार

प्रास्ताविक

विभक्त झालेला एखादा बँड पुन्हा एकत्र येतो तेव्हा त्याची बातमी होते. त्या एकत्र येण्यातून निर्माण झालेल्या संगीताची मात्र क्वचितच समीक्षा होते. २००९ मध्ये फुटलेल्या ‘ओअ‍ॅसिस’ या ब्रिटिश बँडने ऑगस्ट २०२४ मध्ये पुनर्मीलनाची घोषणा केली आणि जुलै २०२५ पासून दौरा केला. या काळात दोन भावांमधील वैर, तिकिटांचे दर आणि प्रेक्षकांच्या डोळ्यांतील पाणी यांविषयी विपुल लिहिले गेले. दौऱ्यात गायली गेली ती गाणी जुनीच होती. त्यांविषयी नव्याने लिहिण्यासारखे फारसे काही नसल्याने वृत्तपत्रांनी भावांविषयी लिहिले, हे एका अर्थी स्वाभाविकच म्हणावे लागेल.

पुनर्मीलनाविषयीच्या अशा लेखनात दोन प्रश्न हटकून येतात. मूळचे सदस्य किती परतले, हा पहिला. पूर्वीची गंमत राहिली आहे का, हा दुसरा. दोन्ही प्रश्न भूतकाळाकडे तोंड करून विचारलेले आहेत. ते अपुरे आहेत, किंबहुना पहिला तर दिशाभूल करणारा आहे, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे. त्यासाठी मुंबईतील ‘इंडस क्रीड’ या बँडचे २०१० मधील पुनरागमन आणि त्यातून सिद्ध झालेला ‘इव्हॉल्व्ह’ (२०१२) हा अल्बम यांचा आधार घेतला आहे. इंग्रजीतून गाणाऱ्या या बँडची दखल मराठी संगीतसमीक्षेने घ्यावी का, असा प्रश्न उपस्थित होऊ शकतो. बँड मुंबईत घडला, त्याचा श्रोतृवर्ग मुख्यतः महाविद्यालयीन होता आणि त्याच्यापुढील प्रश्न मराठी रंगभूमीला शंभर वर्षांपूर्वी पडलेल्या प्रश्नांचेच नवे रूप होते, एवढे उत्तर पुरेसे आहे.

मंडळ्यांची फूट : मराठी पूर्वपीठिका

मंडळी फुटणे आणि नव्याने उभी राहणे ही मराठी संगीत रंगभूमीला अपरिचित गोष्ट नाही. १९१३ मध्ये बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे किर्लोस्कर नाटक मंडळीतून बाहेर पडले आणि गंधर्व नाटक मंडळी स्थापन झाली. पुढे टेंबे व बोडस हेही या नव्या मंडळीतून बाहेर पडले. मूळचे तिघे राहिले नाहीत म्हणून ती गंधर्व मंडळी उरली नाही, असे कोणी म्हटले नाही. तमाशाच्या फडाविषयीही हेच म्हणता येईल. फडाचे नाव टिकते, माणसे बदलतात आणि श्रोता नावावर नव्हे तर त्या रात्रीच्या वगावर फडाची किंमत करतो. ‘मूळचे सदस्य’ या निकषाचे आज वाटणारे वजन आपल्या परंपरेतून आलेले नाही. ध्वनिमुद्रिका हीच मूळ कृती आणि तिच्या मुखपृष्ठावरील चेहरे हेच तिचे मालक, या समजुतीतून ते आले आहे.

८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी झालेला ‘संयुक्त मानापमान’चा प्रयोग या संदर्भात आठवणे अपरिहार्य आहे. गंधर्व मंडळीचे बालगंधर्व भामिनीच्या आणि ललितकलादर्शचे केशवराव भोसले धैर्यधराच्या भूमिकेत एकाच रंगमंचावर आले. काटेकोरपणे पाहता हे पुनर्मीलन नव्हे. दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांचा तो संयोग होता. नाटक १९११ मधले, पदे रसिकांना पाठ असलेली. असे असूनही हा प्रयोग केवळ उत्सव ठरला नाही, कारण दोन भिन्न गायकी तेथे समोरासमोर आल्या आणि परिचित पदांना एक नवे नाते मिळाले. त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला केशवरावांचे निधन झाले आणि ते नाते पुढे विकसित होण्याची शक्यताच संपली. या उदाहरणातून जो निकष हाती लागतो तो असा : एकत्र आलेल्या कलावंतांमध्ये पूर्वी नसलेले सांगीतिक नाते निर्माण झाले का? नवी रचना हा त्या नात्याचा सर्वांत भक्कम पुरावा होय. मात्र तो एकमेव पुरावा नव्हे.

‘रॉक मशीन’ ते ‘इंडस क्रीड’

१९८४ मध्ये मुंबईत ‘रॉक मशीन’ या नावाने हा बँड सुरू झाला. त्या काळातील बहुतेक भारतीय रॉक बँड पाश्चात्त्य बँडची गाणी जशीच्या तशी वाजवीत; जितके हुबेहूब तितके चांगले, असा श्रोत्यांचाही संकेत होता. ‘रॉक मशीन’ने स्वतःची गाणी रचण्याचा आग्रह धरला. ‘रॉक अँड रोल रेनेगेड’ (१९८८) आणि ‘द सेकंड कमिंग’ (१९९०) हे दोन अल्बम या आग्रहाची फळे होत. या अल्बममधील ध्वनी अमेरिकन हार्ड रॉकचाच आहे. पोशाख, केशरचना आणि आवाजाची चढण यांतही अनुकरण स्पष्ट जाणवते. तरीही दुसऱ्याचे गाणे न गाता स्वतःचे गाणे श्रोत्यांपुढे ठेवणे हे त्या काळी धाडसच होते आणि आज ‘स्वतंत्र संगीत’ या नावाने जे ओळखले जाते त्याची एक सुरुवात तेथे आहे.

१९९३ मध्ये बँडने ‘इंडस क्रीड’ हे नाव धारण केले. त्याच वर्षी ‘प्रिटी चाइल्ड’ या गाण्याच्या चित्रफितीला एमटीव्हीचा आशियाई प्रेक्षकपसंतीचा पुरस्कार मिळाला. १९९५ च्या ‘इंडस क्रीड’ या अल्बममध्ये भारतीय वाद्यांचा वापर दिसतो. नामांतर आणि ही वाद्ये यांचा परस्परसंबंध उघड आहे. उपग्रह वाहिन्यांमुळे आशियाई प्रेक्षकापर्यंत पोहोचलेल्या या कलावंतांना आपण कोठले, हे सांगण्याची निकड भासली असावी. परंतु या टप्प्यावर तबला हे बहुधा ओळखपत्रासारखे येते. गाण्याचा सांगाडा रॉकचाच राहतो आणि वाद्य त्यावर चढवलेल्या अलंकारासारखे वाटते.

ज्या वाहिन्यांनी बँडला प्रेक्षक दिला त्यांनीच तो काढूनही घेतला. नव्वदीच्या दशकाच्या उत्तरार्धात संगीतवाहिन्या झपाट्याने हिंदीकडे, आणि हिंदी म्हणजे मुख्यतः चित्रपटसंगीताकडे, वळल्या. इंग्रजीतून गाणाऱ्या भारतीय बँडला तेथे जागा उरली नाही. या पार्श्वभूमीवर १९९७ मध्ये ‘इंडस क्रीड’ विसर्जित झाला. गायक उदय बेनेगल आणि गिटारवादक जयेश गांधी न्यूयॉर्कला गेले आणि तेथे त्यांनी ‘आल्म्स फॉर शांती’ हा बँड चालवला. बँडचे फुटणे म्हणजे स्वभावांचे भांडण, असे चित्र वृत्तलेखनात नेहमी रंगवले जाते. येथे मात्र स्वभावांपेक्षा बाजारपेठेचा विचार करणे अधिक युक्त ठरेल.

‘इव्हॉल्व्ह’ : पुनर्मीलनाची फलश्रुती

बेनेगल मुंबईला परतल्यानंतर त्यांनी आणि गिटारवादक महेश तिनईकर यांनी ‘व्हर्लिंग कलापाज’ या नावाने ध्वनिवर्धित गिटारींना फाटा देऊन लहान मैफली केल्या. हा तपशील महत्त्वाचा आहे. येथे वाजवणे आधी आले आणि पुनर्मीलनाची घोषणा मागाहून झाली. २०१० मध्ये ‘इंडस क्रीड’ पुन्हा उभा राहिला तेव्हा जुन्यांपैकी बेनेगल, तिनईकर आणि की-बोर्डवादक झुबिन बालापोरिया असे तिघेच होते. बासवादक रुशाद मिस्त्री आणि ड्रमवादक जय रो कवी हे दोघे पुढच्या पिढीचे. म्हणजे मूळ सदस्यांच्या निकषावर हे पुनर्मीलन जेमतेम उत्तीर्ण होते.

तथापि नेमकी हीच उणीव अल्बमला उपकारक ठरली. पूर्वीच्या बँडमध्ये तिनईकर आणि गांधी अशा दोन गिटारवादकांची जोडी होती. तिच्या जोरावर गाण्यांना भरीव, काहीशी अवजड भिंत मिळत असे. ती जोडी मोडल्यावर रिकाम्या झालेल्या जागेत बालापोरियांचा की-बोर्ड पुढे आला आणि गाण्यांत मोकळी हवा खेळू लागली. बास आणि ड्रम्स यांची जोडी संपूर्ण नवी असल्याने जुन्या सवयीच्या ठेक्यांवर विसंबता येणे शक्य नव्हते. कोणत्याही साथसंगतीत ताल धरणारा बदलला की गायकाला श्वास घेण्याच्या जागा नव्याने शोधाव्या लागतात. ख्यालगायकाला हे सांगण्याची गरज नाही. ‘इव्हॉल्व्ह’मधील बेनेगल यांचा आवाज पूर्वीसारखा सतत शिखरावर चढत नाही. तो थांबतो, मागे सरतो, वाद्यांना बोलू देतो. वयाचा परिणाम असे त्याचे स्पष्टीकरण देता येईल, परंतु ते अर्धेच ठरेल.

अल्बममध्ये आठ गाणी आहेत. ‘फायरफ्लाइज’, ‘डिझॉल्व्ह’, ‘बुलेटप्रूफ’ यांसारख्या गाण्यांत रचनेची वळणे पूर्वीपेक्षा गुंतागुंतीची आहेत. ध्रुवपदाकडे धावत जाण्याची घाई नाही. जमावाने एकसुरात म्हणावे असे घोषवाक्यवजा ध्रुवपद हे ‘रॉक मशीन’चे बलस्थान होते. त्याचा जवळजवळ त्याग केल्यामुळे जुन्या चाहत्यांची निराशा होण्याचा धोका बँडने पत्करला. मिश्रणाचे काम टिम पामर या नामांकित ब्रिटिश तंत्रज्ञाकडे सोपवल्याने ध्वनीला जी स्वच्छता आली आहे ती काही ठिकाणी अतिरेकी वाटते. थोडा खरखरीतपणा शिल्लक राहता तर बरे झाले असते. (पुनर्मीलनाच्या अल्बममध्ये ‘गुडबाय’ नावाचे गाणे असावे, हाही एक मजेदार योग.)

भारतीयत्वाची खूण ठळकपणे मिरवण्याचा १९९५ मधला आग्रह येथे राहिलेला नाही. काहींना ही माघार वाटेल. वस्तुतः ती प्रगल्भता आहे. मुंबईत वाढलेल्या कलावंताने रॉक वाजवताना प्रत्येक वेळी तबल्याची साक्ष काढलीच पाहिजे, ही अपेक्षा बाहेरच्या प्रेक्षकाची असते. ती झुगारल्याने गाणी स्वतःच्या पायांवर उभी राहिली. मात्र शब्दांच्या बाबतीत असे म्हणता येत नाही. गीतांतील इंग्रजी सफाईदार असले तरी त्यात मुंबई कोठेच ऐकू येत नाही. रस्ता, गर्दी, पाऊस यांपैकी कशाचाही स्पर्श भाषेला झालेला नाही. संगीताने अलंकार टाकून जे साधले ते शब्दांना साधलेले नाही, ही या अल्बमची खरी मर्यादा होय. सतरा वर्षांच्या अंतराने आलेल्या अल्बमकडून ही अपेक्षा करणे गैरवाजवी नाही.

या संदर्भात बंगालीतील ‘मोहीनेर घोडागुली’चे उदाहरण उद्बोधक आहे. १९७५ मध्ये कोलकात्यात सुरू झालेला हा बँड १९८१ च्या सुमारास विखुरला. १९९५ मध्ये गौतम चट्टोपाध्याय यांनी त्याच नावाखाली अल्बम काढला तेव्हा त्यांनी जुन्या सहकाऱ्यांची मोट बांधण्यापेक्षा तरुण गायकांना आणि नव्या बँडना हाताशी धरले, आणि स्वतःचे काम ‘संपादन’ असे नोंदवले. १९९९ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत अशा संपादित अल्बमची मालिका झाली. ज्या बँडला चालू काळात फारसा श्रोता मिळाला नव्हता त्याला तो वीस वर्षांनी नव्या गळ्यांतून मिळाला. पुनर्मीलनासाठी ‘संपादन’ हा शब्द योजण्यात जी दृष्टी आहे ती ‘इंडस क्रीड’च्या पुनरागमनाविषयी लिहिणाऱ्यांना लाभली असती तर जयेश गांधी का नाहीत, याऐवजी जय रो कवी आल्याने काय घडले, असा प्रश्न विचारला गेला असता. शिवाय ‘मोहीनेर घोडागुली’ने गाणे आपल्या भाषेत ठेवले होते, वर सांगितलेली मर्यादा त्यांना जाचली नाही.

बँड परततो तेव्हा कोठे परततो?

धोबीतलावजवळील रंगभवन हे मुंबईच्या रॉक संगीताचे घर होते. १९८६ मध्ये सुरू झालेल्या ‘इंडिपेंडन्स रॉक’ या महोत्सवाचे नाव या खुल्या रंगमंचाशी जोडले गेले. शेजारी सेंट झेवियर्स महाविद्यालय, जवळच कामा रुग्णालय. ध्वनिप्रदूषणविषयक २००० च्या नियमांनी रुग्णालये, शिक्षणसंस्था आणि न्यायालये यांभोवतीचा शंभर मीटरचा परिसर शांतता क्षेत्र ठरवला आणि रंगभवनातील मैफली थांबल्या. नियम योग्यच होता; रुग्णाच्या झोपेपुढे गिटारचे काही चालू नये. पण त्या रंगमंचाची जागा घेणारे, विद्यार्थ्याच्या खिशाला परवडणारे दुसरे सार्वजनिक स्थान शहराने उभारले नाही. २०१० मध्ये परतलेल्या ‘इंडस क्रीड’पुढे जे मंच होते ते वेगळे होते : लोअर परळच्या गिरणीच्या आवारात २००७ मध्ये सुरू झालेले ‘ब्लू फ्रॉग’, जे २०१६ मध्ये बंदही झाले, किंवा २०१० मध्ये पुण्यात सुरू झालेल्या ‘एनएच७ वीकेंडर’सारखे महोत्सव. श्रोता तोच असला तरी तो आता तिकीट, भोजन आणि पेय यांचा ग्राहक म्हणून येत होता. ‘इव्हॉल्व्ह’मधील घोषणाविरहित, लक्षपूर्वक ऐकण्याची गाणी आणि हा नवा श्रोता यांचा संबंध तपासण्याजोगा आहे. रंगभवनाच्या पायऱ्यांवर बसलेल्या हजारो विद्यार्थ्यांसाठी बहुधा अशी गाणी रचली गेली नसती.

नाशिकला हा प्रश्न परका नाही. गंगापूर धरणाच्या परिसरातील द्राक्षमळ्यांत २००८ पासून भरणारा ‘सुला फेस्ट’ २०२० नंतर खंडित झाला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये पुन्हा भरला. त्या पुनरागमनाचे वृत्तांकनही ‘परत आला’ या क्रियापदाभोवतीच फिरले. स्वतंत्र संगीत वाजवणाऱ्या बँडना या मंचाने शहराच्या वेशीपर्यंत आणले, हे त्याचे श्रेय नाकारता येणार नाही. परंतु द्राक्षमळ्यातील तिकीट काढू न शकणारा नाशिकचा महाविद्यालयीन श्रोता हे संगीत प्रत्यक्ष कोठे ऐकतो? महाविद्यालयांच्या स्नेहसंमेलनांत अजूनही बहुतांशी चित्रपटगीतेच हुबेहूब वाजवली जातात. ‘रॉक मशीन’ने ज्या संकेताविरुद्ध उभे राहून स्वतःचे गाणे रचले, तो संकेत सभागृहाच्या त्या रंगमंचावर चाळीस वर्षांनंतरही कायम आहे.