वाद्यनाम आणि काळनिर्णय

परभाषेंतून आलेला एखादा शब्द सांपडला कीं त्यावरून सबंध कथेचा काळ ठरवूं पाहण्याची रीति संशोधकांत रूढ आहे. ही रीति त्याज्य नव्हे. परंतु तिची मर्यादा न ओळखल्यास अनर्थ होतो. कचारगडच्या कथेस ती लावण्यापूर्वीं एक दूरचें पण प्रसिद्ध उदाहरण पाहणें अवश्य आहे.

बायबलांतील दानीएलाच्या ग्रंथाचा तिसरा अध्याय अरामी भाषेंत आहे. बाबिलोनच्या नबुखद्नेस्सर राजानें उभारलेल्या सुवर्णमूर्तीपुढें वाजणाऱ्या वाद्यांची यादी त्यांत चार वेळां येते. तींतील ‘सूंपोन्या’ हें नांव ग्रीक ‘सिंफोनिया’वरून आलें, असें बहुतेक पंडित मानितात. मूळ अर्थ ‘सहस्वर’. येथें कोणी मशकीचें वायुवाद्य घेतात, कोणी वाद्यमेळ. राजा इ. स. पूर्वीच्या ६ व्या शतकांतला, शब्द मात्र ग्रीक. यास्तव ग्रंथ अलेक्झांडरनंतरचा, असें अनुमान निघालें.

परंतु हस्तलिखितांच्या संग्राहकांनीं पाठ पाहावा. प्रचलित संहितेंत ५ व्या व १५ व्या वचनांत हा शब्द पूर्ण आहे. ७ व्यांत तो मुळींच नाहीं. १० व्यांत त्यांतील मकार गळाला आहे. इतक्या चंचल शब्दावर एकट्यावर काळनिर्णयाचा भार घालणें युक्त नव्हे. ग्रंथ उत्तरकालीन ठरविण्यास ११ व्या अध्यायांतील राजवृत्त हें अधिक बळकट प्रमाण आहे.

आपल्या सनईचें नांवही फार्शी वळणाचें. त्याच्या मुळाशीं ‘नाय’ म्हणजे वेळू आहे. कीर्तनकार सीतास्वयंवरांत सनई वाजवितो, म्हणून रामकथा फार्शी अमलानंतरची ठरत नाहीं. शब्द कथनाचा काळ सांगतो, कथेचा नव्हे.

आतां कचारगड. गोंदिया जिल्ह्याच्या सालेकसा तालुक्यांतील या गुहेपाशीं माघी पौर्णिमेस गोंड समाज जमतो. गुहेंत कोंडलेल्या मुलांच्या मुक्ततेच्या वेळीं हिरासुका पाटालीर यानें किंगरी वाजविली, अशी त्यांची परंपरा आहे. ‘किंगरी’ संस्कृत ‘किन्नरी’शीं जुळते, किन्नरी वीणेचें वर्णन १३ व्या शतकांत देवगिरीच्या यादवांच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवानें केलें आहे. यावरून कथा यादवकालानंतरची म्हणण्याचा मोह होईल. दुसऱ्या कोणास अरामी ‘किन्नारा’ आठवून ती पश्चिमेकडून आली असें वाटेल. पण मधल्या दुव्यांवांचून केवळ ध्वनिसाम्य हें प्रमाण नव्हे. हीं दोन्हीं अनुमानें आम्हांस अमान्य आहेत. लिंगोची कथा परधानांच्या मुखीं वाढली. हिस्लॉप यांच्या कागदांतून टेंपल यांनीं ती १८६६ सालीं छापिली, तीही मौखिक पाठांपैकीं एक. गायक आपल्या हातांतील वाद्याचेंच नांव कथेंत घालणार.

एका शब्दावरून एका समाजाची श्रद्धेय परंपरा उसनी ठरविणें हा अन्याय होय. संग्राहकांनीं निरनिराळे पाठ गायक, गांव व साल यांसह उतरून घ्यावे, आणि कोणत्या पाठांत कोणतें वाद्य येतें याची नोंद करावी. काळाचा विचार त्यानंतर.