खणखणीत आणि भसाडा

हाय-फाय ही संगीताची शाखा नसून वाङ्मयाची शाखा आहे, असं माझं आता पक्कं मत झालं आहे. वीस हजार रुपयांत घरी बऱ्यापैकी गाणं ऐकता यावं एवढ्या माफक इच्छेनं मी या वाङ्मयात शिरलो, तो सहा महिने बाहेर आलो नाही. मराठी घेऊन एम.ए. झालेल्या माणसानं वाचली नसेल इतकी समीक्षा मी वाचली. आणि मी तर बी.कॉम. आहे.

या समीक्षेची भाषा मोठी गमतीची. अमक्या स्पीकरचा आवाज ‘उबदार’, तमक्या अॅम्प्लिफायरचा ‘कोरडा’, तिसऱ्याच्या आवाजामागची शांतता ‘काळीभोर’. उबदार म्हटलं की मला सोलापुरी चादर आठवते आणि कोरडा म्हटलं की आमच्याकडचा जून महिना. चौथ्या एका स्पीकरच्या आवाजात म्हणे ‘हवा खेळते’. हेच वाक्य फ्लॅटच्या जाहिरातीत वाचलं असतं तर मी निदान खिडक्या मोजून आलो असतो!

वास्तविक आवाजाला नावं ठेवायला मराठीइतकी सोयीची भाषा नाही. भसाडा, घोगरा, चिरका, किनरा, बसका, पिचका. आणि कौतुकच करायचं तर खणखणीत, गोल, दाणेदार. यातला एकेक शब्द मोजमापासारखा नेमका आहे. शंभर-दोनशे हर्ट्‌झच्या आसपास आवाज फुगला की तो भसाडा, तीन-चार हजारांच्या पट्ट्यात वर आला की चिरका. यंत्र लावून जो आलेख काढतात, तो आमची आजी ओसरीवर तांदूळ निवडता निवडता काढायची. “कोण गं तो, पत्र्यावर खडे टाकल्यासारखा गातोय?” झाली समीक्षा. तिला कधी ‘उबदार’ म्हणावं लागलं नाही.

पण हे पुण्याच्या माणसाला कोण सांगणार? माझा मेव्हणा पुण्यात असतो आणि त्याच्याकडे असे स्पीकर आहेत की त्यांच्या किमतीत आमच्या शाखेतली दोन पीककर्जं फिटावीत. मी सिस्टीम घेतोय म्हटल्यावर तो कळवळून म्हणाला, “दाजी, घाई करू नका. तुम्हाला रेफरन्सच नाहीये. नळदुर्गात राहून तुम्ही भारी सिस्टीम ऐकलीय कुठं?”

हा मुद्दा वरवर बिनतोड वाटतो, म्हणून त्याचा जरा समाचार घेतो. हाय फिडेलिटी म्हणजे मोठी इमानदारी. आता इमानदारी कुणाशी? बँकेत कुणी झेरॉक्स आणून दिली तर आम्ही ती मूळ कागदाशी ताडून पाहतो आणि मग शिक्का मारतो. दुसऱ्या एखाद्या जास्त गुळगुळीत, जास्त महाग झेरॉक्सशी ताडून शिक्का मारणाऱ्या कारकुनाला निलंबित करतात. हाय-फायच्या जगात मात्र वीस हजारांची झेरॉक्स दोन लाखांच्या झेरॉक्सशी ताडायची, दोन लाखांची वीस लाखांच्या झेरॉक्सशी, आणि मूळ कागद कुणी मागायचाच नाही!

आणि मूळ कागद तर आमच्या दारात. तीस-पस्तीस किलोमीटरवर तुळजापूर. तिथला संबळ लहानपणापासून कानात. पौष महिन्यात मैलारपूरला खंडोबाची यात्रा भरते, तेव्हा वाघ्यांची दिमडी आणि तुणतुणं हातभर अंतरावरून ऐकायला मिळतं, मध्ये मायक्रोफोनचा दलाल नसतो. राहता राहिला स्टिरिओ. ब्लमलाइन नावाच्या इंग्रज इंजिनिअरानं त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला १९३१ साली. आमच्या किल्ल्यात बोरी नदीवर धरण बांधून त्याच्या पोटात पाणी महाल काढला तो १६१३ साली, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात. पावसाळ्यात धरण भरलं की एका बाजूनं ‘नर’ धबधबा कोसळतो, दुसऱ्या बाजूनं ‘मादी’. मध्ये उभं राहा, डावा-उजवा आवाज वेगळा घ्या. म्हणजे तीनशे अठरा वर्षं आम्ही पुढं आहोत. शिवाय हा आदिलशहा म्हणजे काही ऐरागैरा नव्हे. ‘किताब-ए-नवरस’ ही रागांत बांधलेली गीतं त्यानं दखनीत लिहिली आणि आपल्या तंबोऱ्याला त्यानं ‘मोतीखान’ असं नाव दिलं होतं. तंबोऱ्याचं बारसं करणाऱ्या माणसाच्या मुलखात रेफरन्स नाही म्हणजे काय!

तेव्हा मी एका गोंधळाचं स्टुडिओत केलेलं स्वच्छ ध्वनिमुद्रण मोबाइलमध्ये घेतलं आणि एका मोठ्या शहरातल्या मोठ्या दुकानात गेलो. तिथल्या काळोख्या खोलीत माझ्याएवढे उंच दोन स्पीकर होते, किंमत ऐंशी हजार. विक्रेत्यानं कुठलीशी परदेशी गिटार लावली. छान वाटली. पण ती गिटार मुळात कशी वाजते हे मला ठाऊक नव्हतं आणि, माझा अंदाज, त्यालाही नव्हतं. मग मी माझा गोंधळ लावायला सांगितला. संबळाच्या जोडीत एक जाड आवाजाचा, एक बारीक. जाडाचा ठोका असा आला की पोटातला वडापाव हलला, आणि बारीक निव्वळ पत्रा! तुणतुण्याची तर शिट्टी झाली होती. मी म्हटलं, “चिरका आहे.” विक्रेता दुखावला. म्हणाला, “सर, स्पीकर अजून सुटला नाही. दोनशे तास वाजला की मोकळा होतो.” दोनशे तासांत स्पीकर मोकळा होतो की ऐकणाऱ्याचा कान निर्ढावतो, याची चौकशी कुणीतरी करायला हवी.

कोपऱ्यात फळीवर गुडघ्याएवढी दोन खोकी होती, साडेअकरा हजारांना जोडी. त्यांवर तोच गोंधळ लावला. जाड संबळ जरा बसका वाटला, हे खरं. एवढ्याशा खोक्यातून तेवढी हवा हलत नाही. पण बारीक संबळाची टिपरी कातड्यावर पडली हे कळलं, आणि तुणतुणं तुणतुणं राहिलं. मी तिथंच पावती फाडायला सांगितली.

बजेटात निम्म्याहून जास्त पैसा स्पीकरवर घालावा, हा या वाङ्मयातला मला पटलेला एकमेव सिद्धान्त. कारण स्पीकर बदलला की आवाज बदलतो, बाकी वस्तू बदलल्या की बहुधा बिल बदलतं. वॉटचंच घ्या. १९९० च्या दशकात चपलेच्या खोक्याएवढ्या टेपवर ‘१००० वॉट पीएमपीओ’ असं छापलेलं असे. पीएमपीओ म्हणजे एकतीस मार्चच्या रात्री ताळेबंदात दिसण्यापुरती शाखेत आणलेली ठेव. एक तारखेला सकाळी ती जिथली तिथं जाते. वर्षभराची सरासरी शिल्लक पाहायची तर आरएमएसचा आकडा बघावा. साधारण स्पीकर एका वॉटवर एक मीटर अंतराला ८८ डेसिबल आवाज देतो, आणि वॉट दुप्पट केले की वाढतात तीनच डेसिबल. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. म्हणजे पहिल्याच वॉटला आपण कायद्याच्या दारात! आमच्या इथला मिस्त्री ‘५२००-१९४३’ ट्रान्झिस्टरांची प्लेट टाकून तीनशे वॉटचा अॅम्प्लिफायर हौसेनं बनवून देत होता. गणपतीच्या मिरवणुकीला तो उत्तमच. पण मला शेजाऱ्यांच्या कर्जावर जामीन म्हणून सह्या घ्यायच्या असतात. मी चार हजार आठशेचा लहानसा घेतला.

वायरीबद्दल तर बोलायलाच नको. मेव्हण्याची वायर मीटरला दोन हजारांची आहे आणि तिच्यावर बाण काढलेले आहेत, विजेनं कुठून कुठं जायचं ते चुकू नये म्हणून. मी इलेक्ट्रिकच्या दुकानातून दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर घेतली. तिचा रोध किलोमीटरला बारा-तेरा ओहम. माझ्या स्पीकरपर्यंत जायला-यायला सहा मीटर, म्हणजे पाव नव्हे, अर्धा नव्हे, ओहमचा तेरावा हिस्सा. आणि स्पीकर आठ ओहमचा. घट शेकडा एकही नाही. एवढी घट आमच्याकडे राउंडिंग ऑफमध्ये जाते. तसंच चाळीस हजार हर्ट्‌झपर्यंत वाजणाऱ्या स्पीकरांचं. माणसाचा कान तरुणपणी वीस हजारांपर्यंत जातो, माझ्या वयात पंधराच्या पुढं बहुधा काही उरत नाही. वरच्या पंचवीस हजारांत किल्ल्यातल्या वटवाघळांची सोय होईल, पण त्यांचं आमच्याकडे खातं नाही.

खरा खलनायक निघाला आमचा हॉल. वर स्लॅब, खाली शहाबादी फरशी, चारी बाजूंना नागव्या भिंती. टाळी वाजवली तर ती चारदा परत येई. साडेअकरा हजारांचे स्पीकर तिथं असे भसाडले की सौ. म्हणाली, “अहो, दुकानात तुम्ही कानात कापूस घालून बसला होतात का?” तेच स्पीकर गावातल्या चुलत्यांच्या जुन्या माळवदाच्या खोलीत नेले, आणि जादू! हातभर जाडीच्या मातीच्या भिंती, वर लाकूड आणि माती. आवाज आदळून परत यायचं नावच नाही. जी ध्वनिशाळा बांधायला शहरात लाखो रुपये मोजतात, ती आम्ही पाडून स्लॅब टाकत सुटलोय. आता माळवद परत आणणं माझ्या ऐपतीत नाही. मी समोरच्या भिंतीवर दोन सोलापुरी चादरी टांगल्या, पुस्तकांचं कपाट मागच्या भिंतीला लावलं, स्पीकर कोपऱ्यातून दोन हात पुढं स्टुलांवर आणले आणि मांडणीवरचे स्टीलचे डबे आत हलवले; ते प्रत्येक खर्जाला साथ देत होते. भसाडेपणा निम्म्यानं उतरला.

मेव्हण्याला अजून एक दुःख आहे. त्याच्या स्टिरिओच्या तोडीचं आपलं जुनं गाणं नाही. पुणे आकाशवाणीवर १९५५-५६ साली छप्पन्न गाण्यांचं गीतरामायण झालं, ते मोनो. बालगंधर्वांच्या तीन-तीन मिनिटांच्या तबकड्या मोनो. “मग दोन स्पीकर कशाला, दाजी?” असं तो विचारतो. अणदूर आणि नळदुर्ग मिळून खंडोबाची मूर्ती एकच. सव्वा दहा महिने ती अणदूरला असते, उरलेले दिवस इथं. देवळं दोन आहेत म्हणून कुणी देव अर्धा झाला म्हणत नाही. दोन्ही स्पीकरपासून सारख्या अंतरावर बसलं की बाबूजींचा आवाज बरोबर मधोमध, चादरीवरच्या मोराच्या चोचीतून येतो.

एकूण हिशेब असा: स्पीकर साडेअकरा हजार, अॅम्प्लिफायर चार हजार आठशे, वायर आणि पिना साडेचारशे, स्टुलं चौदाशे. अठरा हजार एकशे पन्नास. फेस्टिव्हल अॅडव्हान्सच्या वीस हजारांतले उरलेले अठराशे पन्नास सौ.च्या खात्यात वर्ग केले. ती नोंद कारणासह मागितली जात नाही.

दिवाळीत मेव्हणा आला. डोळे मिटून, मान किंचित तिरकी करून त्यानं तो गोंधळ ऐकला आणि म्हणाला, “साउंडस्टेज जरा अरुंद आहे.” तेवढ्यात शेजारच्या आजी ओंजळीत ज्वारी घेऊन दारात उभ्या. “गोंधळी कुठं गेले गं? आत्ता तर वाजवत होते.” सौ.नं स्पीकरकडे बोट दाखवलं. आजींनी खोक्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. देवीच्या नावानं काढलेली ज्वारी घरात परत नेत नसतात म्हणाल्या, आणि ओंजळ मेव्हण्याच्या हातात रिकामी करून निघून गेल्या.