वाळवणयंत्र की उकडपेटी?

आतून काळी, वर काच बसवलेली बंद पेटी विज्ञान प्रदर्शनात ‘सौर वाळवणयंत्र’ म्हणून मांडली जाते. आमच्या मते ती सूर्यचूल आहे. बाष्पाला वाट नसेल तर आतली हवा संपृक्त होते आणि फळ वाळण्याऐवजी उकडते. हवा आत यायला खाली व बाहेर जायला वर, जाळी लावलेली भोके हवीतच.

चंद्रपूर-गडचिरोलीत मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले अंगणात वाळतात. एप्रिलमध्ये तेथे पारा 40 अंशांपुढे जातो, हवाही कोरडी असते. उणीव उष्णतेची नाही; धूळ, मुंग्या आणि अवकाळी पावसापासून आडोशाची आहे. ओलसर राहिलेल्या फुलांना बुरशी लागली, तर वेचणाऱ्या कुटुंबाची मेहनत वाया जाते. म्हणून अशा नमुन्याला गुण तापमापी पाहून देऊ नयेत. तराजू पाहून द्यावेत. रोज वजन किती घटले?