वृत्तनिवेदक आणि प्रेक्षकाची श्रद्धा

दूरचित्रवाणीवरील वृत्तनिवेदक आतां पूर्वीसारखा विश्वासपात्र राहिला नाहीं, अशी तक्रार सर्वत्र ऐकूं येते. तक्रार खरी आहे. परंतु तिचें कारण सांगतांना लोक बहुधा एवढेंच म्हणतात कीं, पूर्वींचीं माणसें थोर होतीं आणि हल्लींचीं क्षुद्र आहेत. आमच्या मतें हें निदान अपुरें आहे. आणि निदान अपुरें असलें म्हणजे उपायही भलताच सुचतो. अमेरिकेंत वृत्तनिवेदकाचें माहात्म्य पराकोटीस पोंचलें होतें. यास्तव तेथील इतिहास प्रथम पाहूं.

वॉल्टर क्रॉंकाइट हे १९६२ पासून १९८१ पर्यंत सीबीएस या संस्थेचें सायंवृत्त सांगत असत. २२ नोव्हेंबर १९६३ रोजीं अध्यक्ष केनेडी यांच्या मृत्यूची वार्ता सांगतांना त्यांचा कंठ क्षणभर दाटून आला. परंतु लगेच ते पुढील वृत्ताकडे वळले. हा संयम खरोखर स्पृहणीय होय. तथापि त्यांच्या नांवाभोंवतीं दंतकथाही पुष्कळ जमल्या आहेत. ‘अमेरिकेंतील सर्वांत विश्वासू पुरुष’ ही त्यांची बिरुदावली १९७२ मधील एका लोकमतचाचणीवर उभी आहे. आणि त्या चाचणींत त्यांच्याबरोबर तोलले गेले ते प्रामुख्यानें राजकारणी पुरुष! त्या पंक्तींत बसविल्यावर कोणता सभ्य गृहस्थ अधिक विश्वासू ठरणार नाहीं? तसेंच, २७ फेब्रुवारी १९६८ रोजीं व्हिएतनामच्या युद्धाविषयींचें त्यांचें भाष्य पाहून अध्यक्ष जॉन्सन हताश झाले, असें सांगतात. वस्तुतः तें भाष्य चालू असतां जॉन्सन टेक्सासमध्यें एका वाढदिवसाच्या समारंभांत होते.

दंतकथा वगळल्या तरी शिल्लक राहतें तें थोडें नाहीं. क्रॉंकाइट हे मूळचे वृत्तसंस्थेचे बातमीदार. महायुद्ध त्यांनीं प्रत्यक्ष पाहिलें होतें. व्हिएतनामवरील त्या भाष्यांत, हें आपलें वैयक्तिक मत आहे, असें त्यांनीं उघडपणें सांगितलें. मत आणि वृत्त यांमधील ही मर्यादा श्रोत्यास दाखवून देणें हाच त्यांच्या विश्वासार्हतेचा पाया होता. त्यास परिस्थितीचीही जोड होती. त्या काळीं मोठ्या वृत्तप्रसारक संस्था तीनच होत्या, आणि सायंवृत्त अर्ध्या तासाचें असे; १९६३ पूर्वीं तर तें पंधराच मिनिटांचें होतें. एवढ्या अवधींत वटवटीस जागाच नव्हती. १९८० मध्यें सीएनएन ही चोवीस तास चालणारी वृत्तवाहिनी निघाली, आणि हा हिशेब बदलला. चोवीस तास भरावयाचे तर बातमी पुरत नाहीं. मग मत आलें, मतास विरोध आला, आणि अखेरीस नुसता आरडाओरडा आला.

यापुढील पतनाच्या तीन पायऱ्या स्पष्ट दिसतात. सप्टेंबर २००४ मध्यें डॅन रॅदर यांनीं अध्यक्ष बुश यांच्या सैनिकी सेवेविषयीं कांहीं कागदपत्रें सादर केलीं. त्यांचा खरेपणा सिद्ध करतां आला नाहीं. हा शहानिशेंतील दोष होय. ब्रायन विल्यम्स यांनीं, २००३ मध्यें इराकांत आपण बसलेल्या हेलिकॉप्टरवर मारा झाला, असें सांगितलें. सैनिकांनींच तें खोटें पाडलें, आणि २०१५ मध्यें संस्थेनें त्यांस सहा महिने दूर ठेवलें. येथें बातमी सांगणारा स्वतःच बातमीचा नायक होऊं पाहत होता. तिसरी पायरी सर्वांत खोल आहे. २०२० च्या निवडणुकींत मतयंत्रांनीं लबाडी केली, हा आरोप फॉक्स वाहिनीवर वारंवार झाला. आणि त्याच वाहिनीवरील प्रमुख मंडळी खाजगी पत्रव्यवहारांत त्यावर अविश्वास दाखवीत होती, हें न्यायालयांतील कागदांवरून उघड झालें. २०२३ मध्यें त्या संस्थेस सुमारें ७८ कोटी ७५ लक्ष डॉलर देऊन तडजोड करावी लागली. कोणी म्हणेल, हे तर भाष्यकार, वृत्तनिवेदक नव्हेत. परंतु दोघे एकाच पडद्यावर, एकाच थाटांत बसले असतां प्रेक्षकानें भेद ओळखावा कसा? रॅदर चुकले, विल्यम्स यांस आत्मप्रौढी भोंवली; येथें मात्र प्रेक्षक रुसून जाईल या भीतीनें सत्य दडपलें गेलें. गुरु शिष्यास भिऊं लागला म्हणजे विद्या संपते, तसेंच हें झालें.

आपल्याकडेही हा प्रश्न परका नाहीं. नोव्हेंबर २००८ मध्यें मुंबईवर हल्ला झाला तेव्हां वाहिन्यांनीं सुरक्षादलांच्या हालचाली थेट दाखविल्या, आणि हल्लेखोरांचे सूत्रधार दूर बसून त्या पाहत होते. २०१२ च्या निकालांत सर्वोच्च न्यायालयानें या वर्तनावर कठोर ताशेरे ओढले. तेथें पणास लागले होते ते माणसांचे प्राण.

मतें भिन्न असावींत, त्यांत समाजाचें आरोग्यच आहे. परंतु काल काय घडलें याविषयींही दोन शेजाऱ्यांचें एकमत होऊं शकत नसेल, तर त्यांनीं वाद तरी कशाच्या आधारें घालावा? दुसऱ्या क्रॉंकाइटची वाट पाहत बसणें हा त्यावर उपाय नव्हे. ही बातमी कोणी जाऊन पाहिली, मत कोठें सुरू झालें, आणि चूक झाल्यावर ती तितक्याच मोठ्या आवाजांत दुरुस्त केली काय, हे तीन प्रश्न घरांतील वडील माणसांनीं विचारावे आणि मुलांस विचारावयास शिकवावे. श्रद्धा परीक्षेवांचून देण्याची संवय आपणांस जडली, त्यांत निवेदकाइतकाच आपलाही वांटा आहे.