सुधाकर: दुबळा की आजारी?
दारुड्याविषयी चाकूरच्या पारावर काय, मुंबईच्या चाळीत काय, निकाल ठरलेलाच: 'मनच कच्चं!' मानसशास्त्रात मात्र जुना वाद आहे: मनुष्य आपल्या इच्छेचा धनी, की परिस्थितीचा दास? रा. ग. गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'त (१९१९) दोन्ही पक्ष एकट्या सुधाकरात झुंजतात. वकिली थांबल्याच्या अपमानावर तळीराम उतारा म्हणून प्याला पुढे करतो. घेणारा हात सुधाकराचाच. पुढे तो दारू सोडतोही. पण काम मागू जाता प्रतिष्ठितांकडून अवहेलनाच पदरी येते आणि तो पुन्हा घसरतो. नाटकाचे खरे बळ मला याच प्रसंगात दिसते. आज व्यसनाधीनता आजार मानली जाते. १९८६ साली पुण्यात 'मुक्तांगण' निघाले. परंतु बरा होऊन परतलेल्या सुधाकराला दार उघडावयाचे की नाही, हे वाचकहो, तुम्हांआम्हांलाच ठरवावयाचे आहे.